शंका असेल तर ओठ

माझ्या नातीला वाटीने नव्याण्णव टक्के दिले, तेव्हा मी पेढे आणले. पोरं पास झाली की पेढे सगळेच वाटतात. दुखण्याचे पेढे वाटणारी मिरजेत तरी मी पहिलीच असेन. पण त्या दिवशी मला खरंच आनंद झाला होता आणि तो लपवायचं काही कारण मला दिसलं नाही.

त्रिशला, माझी एकुलती एक लेक, पहिलं बाळंतपण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आली होती. जावई अभिनंदनराव चौगुले पुण्यात नोकरीला. शनिवारी येत, सोमवारी पहाटे जात. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, म्हणजे घरात मी एकटी. पण मी सुलोचना मगदूम, तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून राबलेली बाई. मला कशाची भीती? विहीणबाईंना मी फोनवर ऐटीत सांगितलं होतं, "सव्वा महिना माझ्यावर सोडा. लेक आणि नात, दोघींना गुटगुटीत करून पाठवते." पहिल्या बाळंतपणात माहेरचं काही कमी पडलं तर ते जन्मभर ऐकावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको.

पाचवी पुजली आणि सहाव्या दिवसापासून बाळ पिईना. छातीला लावलं की दोन-चार घोट घ्यायची आणि सोडून द्यायची. दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. पाच मिनिटांत दमून झोपायची, अर्ध्या तासाने भुकेनं कुरकुरायची. त्रिशलाचा झगा दुधानं भिजलेला, स्तनांना चिरा पडलेल्या, आणि डोळे सुजलेले.

"परत सोडलं बघ हिनं," ती म्हणायची. "आई, माझंच काहीतरी चुकतंय. मला पाजायलाच जमंना."

"पहिलटकरणीला कुणाला जमलंय? मांडीखाली उशी घे आणि पाठ टेक."

उशी झाली, पाट झाला, आडवं निजून पाजणं झालं. माझी तीस वर्षांची विद्या तीन दिवसांत संपली. नवव्या दिवशी आम्ही बाळाला घेऊन वाटीकडे गेलो.

वाटी म्हणजे काय ते आता बहुतेक घरांना माहीत आहे, तरी सांगते. बाळाच्या हनुवटीखाली बसेल एवढी मऊ रबरी वाटी असते. काठावर तांदळाच्या दाण्याएवढे तीन कॅमेरे आणि तळाशी ध्वनिलहरी सोडणारी चकती. बाळ पीत असताना ती सात मिनिटं धरायची. ओठ कसा उलगडतो, जीभ कुठवर येते, घशात काय होतं, दूध किती गेलं, किती गळलं, सगळं ती टिपते. मग आधी पाहिलेल्या लाखभर बाळांशी ताडून कारण सांगते. कारणं पाचच: ओठबंध, जीभबंध, धरण्याची पद्धत चुकली, दूध कमी, आणि सांगता येत नाही. शेजारी खात्री किती, ते टक्क्यांत.

"ओठबंध, नव्याण्णव टक्के," वाटी धरणारी मुलगी म्हणाली आणि तिने पडदा पुन्हा पाहिला. "एवढे मी पहिल्यांदाच बघतेय. एरवी ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर जात नाही."

"म्हणजे माझं काही चुकत नव्हतं?" त्रिशलानं विचारलं.

"तुमचं काही नाही हो ताई. ओठच आहे."

चार दिवसांत पहिल्यांदा माझी लेक हसली. नातीला दुखण्यातसुद्धा पहिला नंबर मिळाला म्हणून मी तिला चिडवलं, आणि रिक्षा थांबवून पाव किलो पेढे घेतले.

ओठबंध हे काही भयंकर प्रकरण नाही. आरशासमोर उभं राहा, वरचा ओठ बोटानं उचला. ओठाच्या आतून हिरडीपर्यंत जाणारा मांसाचा एक पातळ पडदा दिसेल. तो प्रत्येकाला असतो. तान्ह्या बाळांमध्ये तो हिरडीच्या कडेपर्यंत खाली आलेला असतो आणि दात येतील तसा आपसूक वर सरकतो. क्वचित तो इतका जाड नि आखूड असतो की ओठ बाहेर उलगडतच नाही, बाळाला स्तन नीट धरता येत नाही, हवा जाते, दूध गळतं. तेवढ्यांपुरता तो सोडवावा लागतो. घोळ असा की नुसत्या दिसण्यावरून काही कळत नाही. जाड पडद्याची बाळं मजेत पितात, आणि पातळ पडद्याची उपाशी राहतात. म्हणून तर वाटीची गरज पडली.

आणि त्या वाटीला शिकवलं कुणी, तर आम्ही.

हे मला अभिमानानं सांगायची सवय होती. नोकरी सोडल्यावर मी चार वर्षं मिरजेतच एका खोलीत बसून बाळं पाहिली. वाटी बनवणाऱ्या कंपनीनं आम्हा अकरा जुन्या नर्सांना गोळा केलं होतं. गावोगावच्या बाळांचे पितानाचे व्हिडिओ पडद्यावर यायचे. एकच व्हिडिओ सगळ्यांपुढे यायचा, प्रत्येकीनं बघायचं आणि पाचांतली एक कळ दाबायची. आम्ही जे म्हणू ते यंत्रानं शिकायचं. सुगरणीच्या हाताखाली सून शिकते तशी ती वाटी आमच्या हाताखाली शिकली.

पाचवी कळ, सांगता येत नाही, हिला आम्ही रडकी कळ म्हणायचो. ती दाबली की अर्ध्या तासात त्या बाळाच्या आईशी पडद्यावर गाठ घालून द्यायचे, आणि जिने कळ दाबली तिनेच तिला सांगायचं: तुमच्या बाळाचं काय बिनसलंय ते आम्हाला कळत नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. ओल्या बाळंतिणीला हे सांगून बघा एकदा. कुणी हमसून रडायची, कुणाची सासू मागून म्हणायची, "बघ, मी म्हणलं नव्हतं?" संध्याकाळी आमच्या डब्यातला भात तसाच परत जायचा.

आमच्या खोलीच्या प्रमुख मंदाकिनी देशिंगकर. वयानं सगळ्यांत थोरल्या, मनानं लोण्यासारख्या. एका दुपारी आमच्यातल्या एकीनं लागोपाठ तीनदा रडकी कळ दाबली आणि तिसऱ्या आईबरोबर स्वतःही रडायला लागली, तेव्हा देशिंगकरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, शंका असेल तर ओठ म्हणावं. चाळीस सेकंदांचं काम, लेसरनं पडदा सुटतो, पंधरा दिवसांत भरून येतो. बाळाचं काही जात नाही आणि आईला एक नाव मिळतं. बाईला नाव मिळालं की तिला झोप लागते."

"आणि दुसरंच काही मोठं असलं तर?" मी विचारलं होतं. हे मी विचारलं होतं, एवढं तरी माझ्या नावावर लिहून ठेवा.

"मोठं काही असेल तर टाचेत सापडेलच की."

ते खरं होतं. तेव्हा जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर टिपत आणि जन्मजात आजार शोधत. त्या भरवशावर "शंका असेल तर ओठ" ही आमच्या खोलीची रीतच झाली. कुठे लिहिलेली नव्हती, पण अकराजणी पाळायच्या.

पंधरा दिवसांनी कंपनी आईला फोन करून विचारायची, बाळ आता बरं पितंय का? दहातल्या नऊजणी हो म्हणायच्या. म्हणणारच, कारण दहातली नऊ बाळं काही न करताही पंधरा दिवसांत प्यायला शिकतात. पण त्या "हो"नं आमच्या उत्तरावर बरोबरचा शिक्का बसायचा. ज्या आया फोन उचलायच्या नाहीत, त्या मोजल्या जात नसत. त्या का उचलत नाहीत हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. चार वर्षांनी यंत्र शिकून तयार झालं, खोली बंद झाली आणि आम्हाला शाल-श्रीफळ मिळालं.

नवव्या दिवशीच लेसर झालं. माझ्या नातीनं एवढासा हुंकार दिला, बस. रडलीच नाही. तिथली मुलगी म्हणाली, "किती शहाणी आहे हो."

घरी तेच सुरू झालं. बाळाला न्हाऊ घालायला गंगव्वा यायची, सगळ्या गल्लीतली पोरं तिच्या पायांवर आडवी होऊन मोठी झालेली. ती म्हणायची, "लई गुणी पोरगी हाय बगा बाई. पाणी घातलं तरी रडंना, पाय झाडंना. न्हायतर त्या तांबोळ्याचं पोर, मेलं माझ्या पोटात लाथा घालतंय."

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं चंदना. विहीणबाई आल्या होत्या, त्यांनी अर्धा तास मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आमचा अभिनंदन असाच शांत होता." चंदनाचे डोळे मात्र लख्ख. ज्याच्या त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, मान न वळवता, नुसते डोळे फिरवून. सगळे म्हणाले, पोरगी हुशार निघणार.

पिणं सुधारलं नव्हतं. पण मी त्रिशलाचं दूध काढून बोंडल्यानं पाजायला लागले होते, थेंबाथेंबानं, तासतासभर, आणि तेवढ्यावर वजन थोडं वाढलं. पंधरा दिवसांनी फोन आला तेव्हा त्रिशला झोपली होती. तिकडून मुलीनं विचारलं, "बाळ आता बरं पितंय का?"

"हो, बरीच सुधारणा आहे," मी म्हणाले. वजन वाढलं होतं ना. शिवाय वाटी आमची होती. आपल्या हातच्या भाजीला कोण नावं ठेवतं?

लेसरनंतर एक व्यायाम असतो. कापलेल्या कडा पुन्हा चिकटू नयेत म्हणून दिवसातून पाच वेळा बोटानं वरचा ओठ उचलून धरायचा, तीन आठवडे. त्रिशलाच्यानं ते होईना, म्हणून ते मीच केलं. तिसाव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, न्हाणं झाल्यावर चंदनाला घेऊन मी अंगणात कोवळ्या उन्हात बसले आणि ओठ उचलला. जखम छान भरली होती. इतक्यात तिला जांभई आली आणि ऊन थेट तोंडात पडलं.

जीभ थरथरत होती. रडताना सगळ्याच बाळांची थरथरते, तशी नाही. ती शांत होती आणि जीभ तळाशी नुसती पडलेली होती. त्या पडलेल्या जिभेच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, उकळी फुटण्याआधी दुधाची साय हलते तसं.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. खोलीत, पडद्यावर, कितीतरी वेळा. आम्ही म्हणायचो, "बघा, हिच्या जिभेला थंडी वाजतेय." आणि हसून ओठाची कळ दाबायचो.

मी चंदनाचा पाय उचलला आणि सोडला. तो पडला. हात उचलला, तोही पडला. छाती हलत नव्हती, श्वास सगळा पोटानं चालला होता. एकवीस दिवस, रोज पाच वेळा, म्हणजे एकशे पाच वेळा मी त्या तोंडात वाकून पाहिलं होतं आणि एकशे पाच वेळा फक्त ओठ पाहिला होता.

डॉक्टर निलोफर मुजावर आमच्याच दवाखान्यात माझ्या हाताखाली पहिलं इंजेक्शन द्यायला शिकलेली. आता मुलांची मोठी डॉक्टर. मला अजून "सिस्टर" म्हणते. तिने चंदनाला तपासलं, गुडघ्यावर बारकी हातोडी मारली. पाय हलला नाही. तिने पुन्हा मारली.

"टाचेचं रक्त?" तिने विचारलं.

"ते घेतात ना सगळ्यांचं."

"सिस्टर, दोन वर्षांपूर्वी बंद केलं. प्रयोगशाळेत कागदांचे गठ्ठे साचायचे, निकाल तीन-तीन महिन्यांनी यायचे. म्हणून नियम केला की वाटी 'सांगता येत नाही' म्हणेल त्याच बाळाची टाच टोचायची. मोठं काही असेल तर वाटीत सापडेलच, असं ठरलं."

आम्ही टाचेच्या भरवशावर होतो आणि टाच आमच्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात, इथे तर दोन म्हशी एकमेकींच्या भरवशावर होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. निलोफरनं त्रिशलाला आणि मला समोर बसवून, चित्र काढून समजावलं. पाठीच्या कण्यात ज्या पेशी असतात, त्या स्नायूंना हुकूम देतात: पाय उचल, मान धर, दूध ओढ. त्या पेशींना जगायला एक प्रथिन लागतं. ते बनवायचा नुस्खा चंदनाच्या शरीरात जन्मापासून नाही. त्यामुळे त्या पेशी एकेक करून मरतात. जीभ थरथरते ती मालक गेलेल्या स्नायूची तडफड.

"औषध आहे ना?" त्रिशलानं विचारलं.

"आहे. एकदाच द्यायचं. पोकळ केलेल्या विषाणूत तो नुस्खा भरून शिरेतून सोडतात. सरकार फुकट देतं, पाच दिवसांत इथे येईल."

"मग बरी होईल."

निलोफरनं पेन खाली ठेवलं. "जिवंत असलेल्या पेशी वाचतील. मेलेल्या परत येत नाहीत, त्रिशला. बाळ जगेल. पण मान धरेल की नाही मला शंका आहे. बसणार नाही. गिळायला नळी लागेल, झोपेत श्वासाला मशीन लागेल."

त्रिशलानं चंदनाच्या दुपट्याची घडी नीट केली. मग परत केली. मी तिला जवळ घ्यायला गेले, तर ती म्हणाली, "थांब आई, तिला झोप लागलीय."

औषध पस्तिसाव्या दिवशी दिलं. सरकारी पेटीतून बर्फात बसून आलं, तासाभरात शिरेतून गेलं, आणि काही झालं नाही. काही होणार नाही हे आम्हाला सांगितलंच होतं, तरी मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचे पाय न्याहाळत बसले होते.

त्या नव्याण्णव टक्क्यांनी मला सोडलं नाही. मी निलोफरला म्हणाले, तुझ्या दवाखान्यात आजवर कुणाकुणाला नव्याण्णव मिळाले ते काढ. तिने काढले. ओठबंध निघालेली बाळं नऊशेवर होती. बहुतेकांचे आकडे साठ ते पंच्याऐंशी. नव्याण्णव फक्त पाचांना. त्यांतली तिघं सहा महिन्यांच्या आत गेली, कागदावर कारण न्यूमोनिया. एक कवठेमहांकाळचा मुलगा, दीड वर्षांचा, श्वासासाठी गळ्यातून मशीन लावलेलं. पाचवी चंदना.

"पण ह्याच बाळांबद्दल वाटीला एवढी खात्री का?" निलोफर म्हणाली.

ते मला सांगता आलं, कारण ते मीच केलं होतं. साध्या ओठबंधाच्या बाळांवर आमच्या खोलीत भांडणं व्हायची. एक म्हणायची ओठ, दुसरी म्हणायची धरायची पद्धत, तिसरी म्हणायची दूधच कमी. म्हणून त्या बाळांबद्दल यंत्राला शंका राहिली. पण लुळी बाळं, थरथरत्या जिभेची बाळं पडद्यावर आली की रडकी कळ दाबून त्या आईला तोंड द्यायची आम्हा सगळ्यांनाच भीती वाटायची, आणि अकराजणी न भांडता, न बोलता ओठाची कळ दाबायचो. यंत्रानं आमचं एकमत पाहिलं. आम्ही जिथे घाबरलो तिथे ते सगळ्यांत ठाम झालं. आणि एकमतानं घाबरलेल्या त्या अकरांत मीही होते.

मी देशिंगकरबाईंकडे गेले. त्यांनी चहा टाकला, सगळं ऐकून घेतलं.

"सुलोचना, पाच बाळं," त्या हळूच म्हणाल्या. "आणि हजारो आयांना आपण शांत झोपवलं, ते?"

"पाच एका दवाखान्यातली, बाई. वाटी सगळ्या राज्यात आहे."

"तेव्हा टाचेचं रक्त होतं ना गं. आपली काय चूक?"

"आता नाही ना पण. आपण दोघी जाऊन सांगू. लिहून देऊ की आपण शंकेला ओठ म्हणायचो."

त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "माझं वय एकाहत्तर आहे," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यात एवढं एकच चांगलं काम केलं, असं मला वाटत होतं. ते तरी राहू दे." मला त्यांचा राग आला नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी एकटीनं लिहिलं, त्रिशलाला वाचून दाखवलं आणि पाठवलं. वाटीच्या कंपनीकडून दोन पानी उत्तर आलं, अगदी आदरानं. चूक शोधायची तर मूळ व्हिडिओ पुन्हा पाहावे लागतील, आणि ते आयांचं खाजगीपण जपण्यासाठी दर दोन वर्षांनी पुसले जातात. आता वाटीत उरली आहेत ती फक्त आपण दिलेली उत्तरं. ती वेगळी काढता येत नाहीत, जशी ताकात घातलेलं मीठ. हे मिठाचं त्यांनी लिहिलं नव्हतं, ते माझं. शेवटी लिहिलं होतं की समाधानी आयांचं प्रमाण ब्याण्णव टक्के आहे. टाचेच्या नियमाबद्दल सरकारी आरोग्य खात्याला लिहिलं, त्यांची नुसती पोच आली.

नव्याण्णवची बाळं लेसर करून परस्पर घरी जात, निलोफरपर्यंत पोचत नसत, म्हणून मी सकाळी सकाळी वाटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागले. बाहेर येणाऱ्या बायांना विचारायची, किती टक्के? सत्तर म्हणाली की जाऊ द्यायची. आठव्या दिवशी कर्नाटकाच्या हद्दीतली एक पोर बाहेर आली, कुशीत बाळ, सोबत आई.

"नव्याण्णव," ती हसून म्हणाली.

मी उठून तिला सगळं सांगितलं. जीभ बघा, पाय बघा, आज्जच टाचेचं रक्त घ्या, मी डॉक्टरांचं नाव देते. तिचं हसू गेलं. तिची आई मधे आली.

"कशाला भ्या दाखवालाय बाई ओल्या बाळंतिणीला? मशीन खोटं बोलतंय व्हय? किती गुणी पोर हाय बगा, रडत बी न्हाय."

मी निलोफरचा नंबर लिहिलेला कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी रखवालदारानं मला फाटकावरच अडवलं. बायांना घाबरवणारी एक म्हातारी येते, अशी तक्रार होती.

सत्तेचाळिसाव्या दिवशी अभिनंदनराव गाडी घेऊन आले. चंदनाच्या नाकात नळी होती, तिला बोंडलं आता चालत नव्हतं. सामान भरून झालं. सासरी पाठवताना लेकीची ओटी भरायची असते, म्हणून मी पाट मांडला. त्रिशला बसली. तिने पदर पसरला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ भरली.

"आई, एक विचारू?" ती म्हणाली. "नवव्या दिवशीच रक्त घेतलं असतं, तर ही चालली असती?"

माझ्या हातात तांदूळ होते. तिला द्यायला माझ्याकडे एक मऊ उत्तर होतं. सांगता येत नाही. चार वर्षं जी कळ मी दाबायला हवी होती आणि दाबली नाही, ती आज दाबली असती तर माझी लेक माझी राहिली असती. निलोफरनंसुद्धा तिला तेवढंच सांगितलं होतं. पण मला सांगता येत होतं.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक चालली असती."

मग तिने विचारलं, "मग तू पेढे कशाला आणलेस?"

"तू रडत होतीस. माझ्याच्यानं बघवेना."

तिने मान हलवली, समजल्यासारखी. ओटीतले तांदूळ, खण, नारळ, सगळं नीट उचलून तिने पाटावर ठेवलं आणि पदर झटकून उठली. पाया पडली नाही. "बाळाचं बोंडलं राहू दे इथेच," एवढंच म्हणाली. अभिनंदनरावांनी मला नमस्कार केला आणि तिच्या मागून गेले.

मी फाटकापर्यंत गेले. गाडीच्या काचेतून चंदना माझ्याकडे बघत होती, मान न वळवता, नुसते डोळे फिरवून. गाडी वळेपर्यंत ती बघत राहिली. जाताना ती रडली नाही.